उरलेला नमुना

१

तपासणीला भाजी मूठभर पुरते. केशव हे फोनवर प्रत्येकाला बजावून सांगायचा आणि तरी लोक पिशवी भरून आणायचे. चार पानं हातात धरून कुणाच्या दारात जायचं म्हणजे शेतकऱ्याला स्वतःचीच लाज वाटते, त्याला कोण काय करणार? मग मूठभर भाजी तपासणीला जायची आणि उरलेली केशवच्या नाही तर जागृतीच्या घरी. वर्ध्यातल्या त्या दोन खोल्यांच्या खासगी तपासणी केंद्रात कामाला ही दोघंच होती, आणि वाटणीवरून त्यांचं कधी वाजलं नाही. वांगी तिची, पालेभाजी याची.

रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागत. तोवर नमुना पचलेला असे.

आता तुम्ही म्हणाल, हा कसला शहाणा माणूस? दिवसभर भाजीतलं विष शोधतो आणि संध्याकाळी न तपासलेलीच भाजी पिशवीत घालून सिंदी मेघेला घरी नेतो. अहो, रोज शोधतो म्हणूनच नेत होता. इतक्या वर्षांत शिसं कधी जरासं, कधी फवाऱ्याचा अंश, याच्यापलीकडे काही सापडलं नव्हतं. आणि कुणी कौतुकानं दिलेलं अन्न उकिरड्यावर टाकायचं, हे त्याच्या हातून झालंच नसतं.

महादेवराव फेब्रुवारीत पहिल्यांदा आले. आष्टीच्या अलीकडे नाल्याकाठी त्यांची वाडी. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला बिनविषाची भाजी हवी होती आणि तो तपासणीचा कागद मागत होता. म्हाताऱ्यानं पोतंभर पालक आणला, इतका हिरवा की जागृतीनं आधी हात लावून पाहिला. नेमकं तेव्हा यंत्र बंद होतं, कारण त्याला लागणारा गॅस नागपूरहून आला नव्हता. केशवनं सांगितलं, थांबावं लागेल. महादेवरावांनी त्याचा अर्थ असा घेतला की आधीचा नमुना शिळा होणार. शिळ्या भाजीचा रिपोर्ट व्यापाऱ्याला कसा दाखवायचा? म्हणून ते दर आठवड्याला एसटीनं ताजा पालक घेऊन यायला लागले. नको म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. हसायचे, पोतं ठेवायचे आणि परतीची बस पकडायचे.

केशवला पालक आवडत नसे. शरयूला, म्हणजे त्याच्या बायकोला, मुतखड्यामुळे डॉक्टरांनी पालक बंद केलेला. राहिली ऋचा. सात वर्षांची ही कार्टी आजवर भाजीचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणायची, पण हा पालक तिला असा आवडला की सकाळ-संध्याकाळ तोच. नंतर नंतर तर ती कच्ची पानंच खायची. नवरा-बायकोला काय आनंद झाला! शरयूनं शाळेतल्या बायकांनाही सांगितलं, आमची पोरगी सुधारली म्हणून.

२

एप्रिलमध्ये वर्ध्यात कोथिंबीर घरी आणेपर्यंत मान टाकते. हे सांगायलाच नको.

एका सकाळी शरयू ओट्याशी उभी राहून टोपलीकडे बघत होती. तिनं केशवला हाक मारून विचारलं, ही पालकाची जुडी कालची का? केशव म्हणाला, काल कुठली, महादेवराव गेल्या आठवड्यात आले होते. मग फ्रिजमधून तू काढलीस का, असं तिनं विचारलं. त्यानं काढली नव्हती. फ्रिजमध्ये कैऱ्या आणि पाण्याच्या बाटल्या होत्या, जागाच नव्हती. जुडी तेव्हापासून इथेच होती, खिडकीत, जिथे अकरा वाजल्यानंतर ओट्याला हात लावता येत नाही.

केशवनं जुडी उचलली. पानं ताठ होती. देठ जिथे कापला होता तिथे पाणी होतं, आत्ताच कापल्यासारखं. आणि ती गार लागत होती.

त्याच्या डोक्यात लगेच कारणं तयार. संकरित बियाणं असेल. पानावर मेणाचा थर असेल. ओट्याचा दगड रात्री गार होतो, तो गारवा टिकला असेल. शरयूनं ऐकून घेतलं आणि बोटानं दाखवलं. साखरेच्या डब्याकडे जाणारी मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरत होती. टोपली सरळ वाटेत होती. रांग टोपलीपाशी आली की वाकायची, चांगली हातभर लांबून वळसा घालायची आणि पलीकडे पुन्हा सरळ व्हायची.

"असं असते का?" शरयूनं विचारलं.

"असते," तो म्हणाला.

त्याला माहीत नव्हतं. बाहेरच्या खोलीत कूलर घरघरत होता, ऋचा टीव्हीसमोर बसली होती. त्यानं टोपली उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली आणि थोडा वेळ थांबून पाहिलं. रांगेनं वळसा बदलला.

३

त्याच दुपारी नागपूरहून यंत्राच्या गॅसचा सिलिंडर आला.

कामाची रीत साधी आहे. भाजी धुवायची, चिरायची, ओव्हनमध्ये मंद आचेवर रात्रभर वाळवायची. वाळली की कुटून ॲसिडमध्ये विरघळवायची आणि ते पाणी यंत्राला पाजायचं. यंत्र सांगतं काय काय आहे ते. केशवनं संध्याकाळी ट्रे लावला. एका बाजूला हिंगणघाटची वांगी, दुसऱ्या बाजूला महादेवरावांचा पालक.

सकाळी ओव्हन उघडला तर वांग्याच्या चकत्यांचे तुकडे कडकडीत वाळून बशीला चिकटले होते. पालक तसाच होता, हिरवा आणि ओला. त्यानं वजन केलं. काल होतं तेवढंच भरलं.

त्यानं ओव्हनचं दार लावलं आणि पुन्हा उघडलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एका बाजूची तार जळली असेल, असं त्यानं ठरवलं. मग बशा अदलाबदल करून पुन्हा रात्रभर ठेवल्या. वांगी आणखी काळी पडली.

जागृतीला दाखवलं तेव्हा तिचा चेहरा पडला. तिनंही एकदा त्यातला पालक घरी नेला होता, पहिल्याच वेळी. घरच्या बकरीनं हुंगून तोंड फिरवलं म्हणून तिच्या आईनं तो फेकून दिला होता. हे तिनं तेव्हा सांगितलं नाही, कारण बकरीचं काय सांगायचं.

शेवटी त्यानं ओली पानंच ॲसिडमध्ये घातली. ती विरघळली. त्याला इतकं बरं वाटलं की विचारू नका. विरघळतात म्हणजे पानंच आहेत, दुसरं काही नाही.

यंत्रानं आर्सेनिक दाखवलं. आपले जुने लोक ज्याला सोमल म्हणायचे, तोच. आकडा असा होता की केशवला वाटलं दशांशाचं टिंब चुकलं. टिंब बरोबर होतं. यंत्र खरं बोलतंय का हे पाहायला दर वेळी एक कोरी बाटली ठेवतात, त्यात नुसतं पाणी आणि ॲसिड. तिच्यात काही नव्हतं. त्यानं नळ्या धुतल्या, तोच पालक पुन्हा पाजला. आता पालकात काही नव्हतं. अगदी शून्य, जे नळाच्या पाण्यातसुद्धा येत नाही. तिसऱ्यांदा पालकात आकडा परत आला, आणि या वेळी कोऱ्या बाटलीतही आला.

यंत्र बिघडलंय हे मानायला तो एका पायावर तयार होता. पण हिंगणघाटच्या वांग्यांचा आकडा तिन्ही वेळा तोच येत होता. मग बिघडलंय काय? तो स्टुलावर बसून राहिला. वर ॲसिडच्या वाफा ओढणारा पंखा घुमत होता, आणि त्या आवाजात एकच विचार त्याला सरळ करता आला. दोन महिने हे ऋचाच्या पोटात जातंय. मी आणून देतोय.

४

घरी येऊन त्यानं टोपलीतला पालक पिशवीत कोंबला आणि कचऱ्याच्या गाडीत स्वतः टाकला. ऋचा रडली नाही. तिनं नुसतं विचारलं, आता मी काय खाऊ? शरयूनं पोळी दिली, आमरस दिला, तिच्या आवडीचं सगळं पुढे केलं. तिनं शहाण्या मुलीसारखं ताटाकडे पाहिलं आणि भूक नाही म्हणाली.

मुलांचे डॉक्टर जवळच होते. त्यांनी ऋचाला तपासलं, जीभ बघितली, पोट दाबलं आणि पोरगी ठणठणीत आहे म्हणाले. फेब्रुवारीत लसीला आणली होती तेव्हाचं वजन आणि आजचं वजन तंतोतंत सारखं होतं, याचंही त्यांना कौतुक वाटलं. उन्हाळ्यात मुलं उतरतात, ही उतरली नाही. केशवनं हट्ट धरला म्हणून त्यांनी केस आणि नखं नागपूरला तपासणीला पाठवली. रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येईल, असं काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. हेच वाक्य केशवनं हजार लोकांना ऐकवलं असेल. ते ऐकणाऱ्याला कसं लागतं, ते त्याला त्या दिवशी कळलं.

शरयूला त्यानं सगळं सांगितलं नाही. फवाऱ्याचा अंश निघाला, एवढंच सांगितलं. तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस बायकोशी जे बोलतो तेच बोलला. काळजी करू नको, मी एकदा वाडी पाहून येतो.

५

आष्टीच्या बसमधून तो गावाच्या अलीकडेच उतरला आणि बांधाबांधानं चालत गेला. आजूबाजूच्या संत्र्याच्या बागा उन्हानं मलूल झालेल्या. महादेवरावांची वाडी लांबूनच ओळखू आली. तेवढाच तुकडा हिरवा होता.

महादेवराव विहिरीपाशी उभे होते. साहेब स्वतः आले म्हणून म्हातारा हरखून गेला. त्यानं वाफे दाखवले, नवीन बोअर दाखवली, पाणी ओंजळीत घेऊन दाखवलं. पाणी स्वच्छ होतं, पण खोल जमिनीतून येणारा सोमल पाण्यात दिसत नाही, हे केशवला माहीत होतं. केशव मान डोलवत होता, पण त्याला काहीतरी खटकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. बराच वेळ तो पानं उलटून पाहत राहिला. एकाही पानाला छिद्र नव्हतं, पण तेवढंच नव्हतं. आवाज, आवाज नव्हता. भर उन्हाळ्यात ओल्या वाफ्यावर माशी नाही, चतुर नाही, झाडावर साळुंकी नाही. म्हातारा बोलायचा थांबला की कानाला नुसते दडे बसायचे. गोठ्यात एक गाय उभी होती. तिच्या डोळ्यांवर एकही माशी नव्हती आणि शेपूट सरळ खाली लोंबत होतं, हलायचं काही कारणच नसल्यासारखं.

केशवनं शेवटी तोंड उघडलं. ही भाजी विकू नका, काका. घरीही खाऊ नका. विहीर चालेल, पण हे बोअरचं पाणी बंद करा.

महादेवराव रागावले नाहीत. त्यांना खरंच समजलं नव्हतं.

"काऊन? कोनाले काई झालं का?"

खरं सांगायचं तर कुणालाच काही झालं नव्हतं. ऋचा ठणठणीत होती. समोरचा म्हातारा सत्तरीचा असून ताठ उभा होता, कपाळावर घामाचा थेंब नाही.

"आमच्या घरी औंदा कोनी आजारी पडलं नाई, साहेब," महादेवराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "कोनी मेलं नाई. भाजी चांगलीच हाय."

६

घर वाडीतच होतं. दोन खोल्या, पुढे शेणानं सारवलेला ओटा. महादेवरावांची बायको देवकाबाई दारातच उभ्या होत्या. पाहुणा पहिल्यांदा घरी आला की आधी घरातल्या थोरल्या माणसाच्या पाया पडायचं, मग बसायचं. देवकाबाईंनी तेच सांगितलं. "आत नानाजी हायेत. त्यायच्या पाया पडा, मंग च्या घ्या." नानाजी म्हणजे महादेवरावांचे वडील.

केशवला निघायचं होतं. पण थोरल्यांच्या पाया पडायला नाही म्हणणार कसं? तो वाकून आतल्या खोलीत गेला.

खोलीला खिडकी नव्हती. उन्हातून आल्यामुळे आधी काहीच दिसेना. मग खाट दिसली, तिच्यावर गळ्यापर्यंत पांढरी चादर घेतलेला म्हातारा दिसला. डोळे मिटलेले. चेहरा तुकतुकीत, नुकती अंघोळ घातलेल्या माणसाचा असतो तसा. एक पाऊल चादरीबाहेर होतं. उशाशी चहाची बशी होती आणि चहावर जाड साय धरली होती. खोलीत कसलाच वास नव्हता. म्हाताऱ्या आजारी माणसाच्या खोलीला वास असतोच हो, औषधाचा, तेलाचा, कशाचा तरी.

केशव वाकला आणि त्यानं अंगठ्याला बोटं लावली. पाऊल गार होतं आणि दाबलं तर दबत होतं. नखं स्वच्छ होती. प्रत्येक नखावर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, एकाखाली एक, मुळापासून टोकापर्यंत. या रेघांबद्दल त्यानं वाचलं होतं. अंगात सोमल गेला की एखादी उमटते, आणि नखाबरोबर पुढे सरकते. इतक्या कुणाला उमटत नाहीत. इतक्या उमटेपर्यंत माणूस राहत नाही.

त्यानं चादरीकडे बघायला सुरुवात केली. छाती वर येईल म्हणून तो थांबला. आली असं वाटलं, मग नाही वाटलं. अंधार होता, त्याच्याच छातीत धडधडत होतं, त्यामुळे खात्री होईना.

"झोपलेत का?" त्यानं विचारलं.

"झोपूनच राह्यतेत आता. संक्रातीपासून." देवकाबाई दारातूनच बोलल्या. "तवा लय बिमार होते. बोलनं बंद झालतं, श्वासबी दिसत नव्हता. आम्ही रडलो, सारं गाव जमा झालं असतं. पर हे म्हनाले, थांब, उद्या सकाळपावतर पाहू. सकाळी पाह्यलं तं असेच. दुपारी बी असेच. मंग काय करतं? खराब काई झालंच नाई."

त्या अगदी शांतपणे बोलत होत्या. त्यात दुःख नव्हतं, लपवाछपवी नव्हती. केशवनं विचारलं, जेवतात का? त्या म्हणाल्या, भूकच नाही लागत त्यांना.

तो मागे सरकत दारापाशी आला आणि वळताना त्यानं पुन्हा एकदा खाटेकडे पाहिलं. पाऊल चादरीच्या आत होतं. तो स्वतः दारात होता, देवकाबाई त्याच्यामागे होत्या. खाटेजवळ कुणी गेलं नव्हतं.

"त्यायले उजेड नाई सोसत," देवकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

७

परतीच्या बसमध्ये त्यानं सगळं जागच्या जागी बसवायचा प्रयत्न केला. म्हातारं माणूस लकव्यानं पडलेलं असेल. लकव्यात अंग गार लागतं. पाय त्यानं झोपेत ओढला असेल. बायका बोलायला लागल्या की वाढवून बोलतात. पाऊल त्यानं आधीच नीट पाहिलं नसेल. आर्वी सोडेपर्यंत त्याची जवळजवळ खात्री झाली होती, आणि वर्ध्याला उतरेपर्यंत त्यातली एकही गोष्ट टिकली नव्हती. ती माणसं वाईट नव्हती, खोटारडी नव्हती. काही खराब होतंय का याची वाट पाहायची त्यांना सवय झाली होती, एवढंच.

सिंदी मेघेला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. शरयू देवापाशी दिवा लावत होती. डासांनी उच्छाद मांडला होता, आणि ती बोलता बोलता पायावर चापट्या मारत होती. ऋचा आज दिवसभर शहाण्यासारखी बसून होती, तिनं सांगितलं. खाल्लं मात्र काही नाही, आणि मागितलंही नाही.

ऋचा गॅलरीत पाय पसरून बसली होती. केशव तिच्याजवळ बसला. त्याच्या मानेभोवती, हातांभोवती डास घोंगावत होते. तिच्याभोवती नव्हते. तिनं फ्रॉक गुडघ्यावर ओढून घेतला, आणि त्या ओढण्यात त्याला फ्रॉकवरचा लाल डाग दिसला.

त्यानं फ्रॉक वर केला. गुडघा चांगलाच फुटला होता. सालटं निघालेलं, आत बारीक खडी रुतलेली, आणि रक्त. लालभडक, ओलं, ओघळ नडगीपर्यंत येऊन थांबलेला.

"कुठे पडलीस?"

"शाळेत. आईला सांगू नका, ती डेटॉल लावते."

शाळेला सुट्टी होती. केशवनं विचारलं, कोणत्या शाळेत, केव्हा?

"शेवटच्या पेपराच्या दिवशी," ऋचा म्हणाली. "मी फ्रॉकखाली लपवते, रोज पुसते, बाबा. ते परत येते."

शेवटचा पेपर होऊन पंधरवडा उलटला होता. त्यानं जखमेच्या कडेला बोट लावलं. खपली नव्हती, सूज नव्हती, पू नव्हता. रक्त बोटाला लागलं आणि ते गार होतं. दुखतं का, त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. आता काहीच दुखत नाही, असं ती म्हणाली, आणि हे सांगताना तिला जरा अभिमान वाटत होता.

"बापरे, काय झालं हे?" शरयू दारात आली होती. तिनं गुडघा पाहिला, रक्त पाहिलं, आणि आत धावत जाऊन कापूस आणि बाटली घेऊन आली. "आत्ता पडली का?"

ऋचानं बाबाकडे पाहिलं.

"हो," केशव म्हणाला. "आत्ताच पडली."

शरयूनं जखम पुसली, डेटॉल लावलं आणि उद्यापर्यंत खपली धरेल म्हणून सांगितलं. ऋचा हूं की चूं करत नव्हती. केशवनं पोरीचा पाय मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी चोळून गरम करायला लागला, आणि गुडघ्यावर रक्ताचा थेंब पुन्हा जमू लागला तो बघत राहिला.